पॅशन फ्रूट: फुलं भरपूर, फळं शून्य असं होऊ नये म्हणून

पॅशन फ्रूटबद्दलच्या तक्रारी बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. वेल मांडवभर पसरली आहे, रोज फुलं उमलताहेत आणि दोन-तीन दिवसांत देठासकट खाली पडताहेत. मग खत टाकलं जातं. तरी गळ थांबत नाही. मग आणखी खत, वर फूल टिकवणारं एखादं औषध. वेल आणखी हिरवीगार होते, गळ तशीच राहते.

यात खताचा दोष क्वचितच असतो. पॅशन फ्रूटचं फूल एकाच दिवसाचं असतं. त्या काही तासांत चालतील असे पराग योग्य जागी पोचले नाहीत, तर ते गळणारच. आणि चालतील असे पराग हाताशी असतील की नाही, हे फुलं येण्याच्या कितीतरी आधी, रोप लावतानाच ठरतं. म्हणून पुढचा क्रम सोडू नका. ज्यांची वेल आधीच मांडवावर चढली आहे त्यांनीही पहिले दोन टप्पे वाचावेत. बहुतेकांची गोची तिथेच असते.

## टप्पा १: आपली वेल कोणती, ते ओळखा

खाण्यासाठी लावल्या जाणाऱ्या पॅशन फ्रूटचे मुख्य प्रकार दोन, जांभळा आणि पिवळा. दोन्ही एकाच जातीचे, पण स्वभाव वेगळे.

जांभळ्याला थोडी थंड हवा मानवते आणि बहुतेक जांभळ्या वेलींना स्वतःचेच पराग चालतात. एकटी वेलही फळते. पिवळा उष्ण हवेतला गडी. त्याला सहसा स्वतःचे पराग चालत नाहीत. तुम्ही कितीही निगुतीने त्याच वेलीवरचे पराग त्याच वेलीच्या फुलाला लावा, फळ धरत नाही. त्याला दुसऱ्या, वेगळ्या मूळ वेलीपासून आलेल्या वेलीचे पराग लागतात. याला अपवाद असलेल्या पिवळ्या वेली असतात, पण अपवादावर भिस्त ठेवून एकच रोप लावू नका.

फळ हाताशी नसेल तर दोन खुणा पाहा. पिवळ्या प्रकाराच्या कोवळ्या फांद्यांवर आणि तणाव्यांवर लालसर-जांभळी झाक असते, जांभळ्याचे तणावे हिरवे असतात. दुसरी खूण जास्त भरवशाची: घड्याळ. जांभळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या सुमारास मिटतं. पिवळ्याचं दुपारच्या सुमारास उमलतं आणि रात्री मिटतं.

सालीच्या रंगावर मात्र जाऊ नका. दोन्ही प्रकारांच्या संकरातून आलेल्या काही वेलींना जांभळी फळं लागतात, पण वागणं पिवळ्यासारखं असू शकतं.

तिसरा घोळ शोभेच्या कृष्णकमळाचा. कुंपणावरचं कृष्णकमळ याच कुळातलं असलं तरी त्याची जात बहुधा वेगळी असते. "दुसरी वेल आहे ना माझ्याकडे, कृष्णकमळाची" असं म्हणून त्याचे पराग वापरायला जाऊ नका. त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तपासा: वेल आधीच फुलांवर असेल तर सलग तीन-चार दिवस फूल किती वाजता उमलतं ते लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या वेळा यावरूनच ठरणार आहेत.

## टप्पा २: जोडीदार निवडा, मग रोपं करा

पिवळा प्रकार असेल, किंवा प्रकार नक्की माहीत नसेल, तर किमान दोन वेली हव्यात. इथेच सर्वांत महागडी चूक होते. एका वेलीच्या दोन काड्या म्हणजे दोन वेली नव्हेत. छाट कलमाने केलेली दहा रोपं असली तरी परागांच्या हिशेबात ती एकच वेल. शेजारून आणलेली काडीही, मूळ दोघांचं एकच असेल, तर उपयोगाची नाही.

बियांपासूनची रोपं घेतानाही एकाच फळातल्या दोन बिया निवडू नका. ती भावंडं असतात आणि त्यांतल्या काही जोड्या एकमेकींना चालत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या फळांच्या बिया घ्या. जागा असेल तर दोनाऐवजी तीन रोपं लावा.

बियांसाठी पूर्ण पिकलेलं फळ घ्या. गर दोन-तीन दिवस थोड्या पाण्यात भिजत ठेवा, मग चाळणीवर चोळून धुवा, म्हणजे बीभोवतीचं पातळ आवरण सुटतं. वाळवून डबीत जपून ठेवायचा मोह टाळा. ताजं बी दोन-तीन आठवड्यांत उगवतं, जुनं महिनोन्‌महिने रडवतं. पेरताना सेंटीमीटरभरच खोल.

छाट कलमाला पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट पक्की काडी, तीन-चार पेरांची. खालची पानं काढा, वरचं पान अर्धं कापा, तणावे आणि कळ्या खुडून टाका. एक-दोन पेरं मातीत राहतील अशी सावलीत लावा. कलम बियांच्या रोपापेक्षा लवकर फुलतं. बियांच्या रोपाला फुलायला साधारण आठ महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त लागतं.

सावधान: पानं चुरगळलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची असतील तर त्या वेलीची काडी घेऊ नका. तो विषाणू रोग असू शकतो. काडीबरोबर तो घरी येतो आणि त्यावर औषध नाही.

कलमी रोप आणलं असेल तर जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा दिसताक्षणी काढा. खालचा खुंट मुळातच जोमदार असतो. दुर्लक्ष झालं तर वरचा वाण मागे पडतो आणि तुम्ही भलतीच वेल सांभाळत बसता.

## टप्पा ३: मांडव आधी, रोप नंतर

मांडव उभारताना बहुतेकजण सावलीचा विचार करतात. तुम्ही हाताचा विचार करा. फुलाला रोज हात लावायचा आहे, तेव्हा ते हाताच्या उंचीवरच हवं. दोन मीटर उंचीची आडवी तार पुरे. झाडावर, गच्चीच्या कठड्यापलीकडे किंवा पत्र्यावर चढवलेल्या वेलीची फुलं फक्त लांबून बघायची.

दोन्ही वेली एकाच आळ्यात लावू नका. मांडवाच्या दोन टोकांना, निदान अडीच-तीन मीटर अंतरावर लावा आणि मध्यावर भेटू द्या. एकमेकींत गुंतल्या की कुठलं फूल कुणाचं हेच कळत नाही आणि मग हाताने पराग देताना सगळा अंदाजपंचे कारभार होतो. मध्यावर एक जाड रंगीत दोरी बांधून ठेवली आणि तिच्यापलीकडे गेलेले फुटवे मागे वळवत राहिलं, तरी भागतं.

जागेला दिवसाचं किमान सहा तास ऊन हवं. मुळं उथळ असतात, त्यांना साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. पाणी साचणारी जमीन असेल तर उंचवटा करून त्यावर लावा. कुंडीत लावायची तर ५० लिटरच्या आसपासची, खाली भरपूर भोकं असलेली. माती किंचित आम्ल, सामू (पीएच) साधारण ६ ते ६.५. त्यात चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा.

पिशवी काढताना मुळांचा गोळा फोडू नका. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच इथेही ठेवा. आच्छादन जरूर करा, पण खोडाभोवती वीतभर जागा उघडी सोडा. खोडाला चिकटलेला ओला पालापाचोळा आणि बुंध्याशी खुरपणं, या दोन गोष्टींनी खोड कुजतं. मग एक दिवस पूर्ण वेल मान टाकते आणि लोक पाणी वाढवतात.

## टप्पा ४: वेलीला वळण लावा

एकच खोड काठीच्या आधाराने तारेपर्यंत न्या. वाटेतले बगलफुटवे काढत राहा. तारेला पोचलं की शेंडा खुडा आणि दोन बाजूंना दोन फांद्या पसरू द्या. त्यांच्यापासून निघणारे फुटवे पडद्यासारखे खाली लोंबू द्या. फुलं याच नव्या फुटव्यांवर, पानाच्या बगलेत येतात. जुन्या, तपकिरी झालेल्या फांदीवर येत नाहीत. म्हणून वेलीला सतत नवी वाढ हवी, पण नुसता पाला नको.

खताचा प्रश्न इथे येतो आणि इथेच संपतो. वेल तारेला पोचेपर्यंत नत्र चालेल. त्यानंतर नत्र कमी करून पालाशचा भर वाढवा. थोडं थोडं, महिन्याच्या अंतराने, बुंध्यापासून दूर. पानं तळहाताएवढी, गडद हिरवी आणि एकही कळी नाही, असं असेल तर खत थांबवा.

पाणी नियमित द्या. कळ्या आल्यावर एकदा माती कोरडी ठक्क पडली तरी कळ्या पिवळ्या होऊन गळतात.

तपासा: कळ्याच येत नसतील तर तो परागांचा प्रश्न नाही. सावली, जास्तीचं नत्र, वेलीचं कोवळं वय, लहान दिवसांचा हंगाम किंवा (जांभळ्याच्या बाबतीत) फार उष्णता, यांतलं एखादं कारण असतं. कळ्या येतात, उमलतात आणि मगच गळतात, त्यांच्यासाठी पुढचे टप्पे.

## टप्पा ५: फूल वाचायला शिका

हात लावण्याआधी एक फूल पूर्ण वेळ बघा. कृष्णकमळ दाखवताना आजी जे सांगते ते इथे नेमकं कामाला येतं: भोवतालची झालर म्हणजे शंभर कौरव, त्यांच्या वरचे पाच ते पांडव आणि सर्वांत वर ब्रह्मा, विष्णू, महेश. पांडव म्हणजे परागकोश. तीन देव म्हणजे तीन कुक्षी, म्हणजे पराग घेणारी टोकं. त्यांच्या बुडाशी हिरवा मण्यासारखा गोळा असतो, तो अंडाशय. फळ त्याचंच होतं. पांडवांवरची पिवळी पूड तिन्ही देवांना पोचवायची, एवढंच तुमचं काम. फक्त पांडव एका वेलीचे आणि देव दुसरीचे.

फूल उमलतं तेव्हा तिन्ही कुक्षींचे दांडे वर उभे असतात. परागकोश पालथे होतात आणि पुडीची बाजू खाली, झालरीकडे करतात. मग पुढच्या तासाभरात उभे दांडे हळूहळू बाहेर वळून खाली झुकतात आणि कुक्षी जवळपास परागकोशांच्या पातळीला येतात. ही रचना मोठ्या भुंग्यासाठी आहे. तो झालरीच्या बुडाशी असलेला मध प्यायला वाकतो, तेव्हा त्याची पाठ आधी परागांना आणि मग कुक्षीला घासते.

मधमाशीची पाठ तिथवर पोचत नाही. ती परागकोशाला लोंबकळून पिवळी पूड गोळा करते आणि कुक्षीला न शिवताच निघून जाते. "माश्या तर खूप येतात हो, तरी फळ नाही" याचं उत्तर हे आहे. फूल उमलल्यावर थोड्याच वेळात त्या परागकोश रिकामे करून टाकतात, ते वेगळंच. पराग चिकट आणि जड असल्यामुळे वाराही ते नेत नाही.

आता नीट बघा. सगळ्या फुलांचे दांडे सारखे झुकत नाहीत. काहींचे पूर्ण झुकतात, काहींचे अर्धवट, आणि काहींचे शेवटपर्यंत उभेच राहतात. उभ्या दांड्यांच्या फुलाला पराग दिले तरी फळ धरत नाही. पण त्याचे स्वतःचे पराग उत्तम असतात, म्हणून पराग काढायला तीच फुलं आधी वापरा.

## टप्पा ६: हाताने पराग द्या

सामान: दोन मऊ कोरडे ब्रश, एक चिमटा, दोन लहान कोरड्या डब्या, दोन रंगांचा दोरा. दोन्ही वेलींना नावं द्या, डावी आणि उजवी म्हणा. डब्यांवर आणि ब्रशवर तीच नावं लिहा.

वेळ. पिवळ्यासाठी उमलल्यानंतर तासा-दोन तासांनी, दांडे झुकल्यावर. संध्याकाळपर्यंत चालतं. जांभळ्यासाठी सकाळी आठ ते अकरा. ऑफिसला जाणाऱ्यांना पिवळा सोयीचा पडतो, फक्त माश्या पराग संपवतात ही अडचण. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या एक-दोन फुगलेल्या कळ्यांवर आदल्या संध्याकाळी जाळीची सैल पिशवी बांधणं. ही झाली परागांची शिल्लक.

क्रम असा:

१. हात आणि ब्रश पूर्ण कोरडे आहेत याची खात्री करा. पाण्यात पराग फुटतात, ओल्या ब्रशने केलेलं काम वाया जातं.

२. डाव्या वेलीच्या फुलातला एक परागकोश चिमट्याने खुडा आणि "डावी" लिहिलेल्या डबीत टाका. उजवीचं तसंच, दुसऱ्या डबीत.

३. डावीचे पराग घेऊन उजव्या वेलीवरच्या, दांडे झुकलेल्या फुलाकडे जा. अंडाशयाला धक्का न लावता तिन्ही कुक्षींवर पराग टेकवा. घासू नका, थोपटा. कुक्षीचा फुगीर टोकाकडचा भाग पिवळा दिसला पाहिजे.

४. आता उलट. उजवीचे पराग डावीला, दुसऱ्या ब्रशने.

५. देठाला दोरा बांधा. सैल.

माझं मत विचाराल तर ब्रशपेक्षा खुडलेला परागकोशच चिमट्यात धरून थेट कुक्षीवर टेकवणं बरं. पराग जास्त पोचतात आणि किती पोचले ते दिसतं. एका परागकोशात दोन-तीन फुलं सहज होतात.

तिन्ही कुक्षी का? कारण प्रत्येक बीभोवती गराची एक पिशवी असते. जितक्या बिया तितका रस. एकाच कुक्षीला थोडेसे पराग लागले तरी फळ धरू शकतं, पण ते लहान आणि आतून पोकळ राहतं.

जांभळ्याचे पराग पिवळ्याला चालतील यावर भिस्त ठेवू नका, शिवाय दोघांचं घड्याळही जुळत नाही. पिवळ्याला जोडीदार पिवळाच शोधा.

नेहमीच्या चुका: एकच ब्रश दोन्ही वेलींवर फिरवणं, म्हणजे डावीच्या कुक्षीवर डावीचेच पराग थापणं. दांडे झुकण्याआधी घाई करणं. सकाळी पाणी देताना नळीने फुलं भिजवणं. आणि पराग दिल्यावर लगेच पाऊस: पुढचे दोनेक तास फूल कोरडं राहायला हवं. ढग दिसत असतील तर फुलावर कागदी शंकू उपडा अडकवा.

सावधान: बहरात कीटकनाशक फवारू नका. भुंगे मेले की पुढचं सगळं तुमच्याच हातावर येतं. मांडवाजवळ सुक्या, जाड लाकडाचा एखादा ओंडका ठेवा. सुतारभुंगे त्यात भोक पाडून घर करतात आणि मग तुमचं निम्मं काम ते करतात. देठावरच्या बारीक गाठींना मुंग्या चिकटलेल्या दिसतात, त्यांना घाबरू नका. तिथे गोड रस पाझरतो, एवढंच. मुंग्यांबरोबर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तरच हालचाल करा.

## टप्पा ७: धरलं की नाही, ते पाहा

दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं. पराग लागले असतील तर पाकळ्या सुकूनही हिरवा गोळा टणक राहतो आणि फुगू लागतो. नसतील तर देठ सांध्याशी पिवळा होतो आणि सगळं खाली येतं.

वेल स्वतःचे पराग घेते का, हे कळत नसेल तर एक साधी चाचणी करा. पाच फुलांना त्याच वेलीचे पराग द्या, लाल दोरा. दुसऱ्या पाचांना जोडीदाराचे, पांढरा दोरा. पांढरी राहिली आणि लाल गळली, तर निकाल लागला. दोन्ही गळली तर वेळ, ओल किंवा जोडीदार यांत गडबड आहे. आणि दोन्ही टिकली तर हा सगळा व्याप तुमच्यासाठी निम्मा झाला.

गळ कधी होते त्यावरून कारण ओळखा. तीन दिवसांच्या आत गळलं तर पराग. बोराएवढं होऊन गळलं तर पाण्याचा ताण, कडक ऊन किंवा वेलीला न पेलणारा भार. लहान, कुंडीतल्या वेलीवरची सगळी फुलं फळवायचा अट्टहास करू नका. फळ पूर्ण आकाराचं पण हलकं आणि पोकळ लागलं, तर पराग कमी पडले. कोवळ्या फळावर टोचल्याचा कडक ठिपका आणि भोवती खळगा दिसला तर फळमाशी. फळ कोवळं असतानाच कागदी किंवा कापडी पिशवी बांधायला हवी होती.

तीनेक आठवड्यांत फळ पूर्ण आकाराचं होतं आणि मग काहीच घडत नाहीसं वाटतं. पिकायला एकूण ६० ते ९० दिवस लागतात. तोडू नका. पिकलं की आपोआप पडतं, खाली जाळी किंवा पालापाचोळ्याची गादी करा. साल सुरकुतली म्हणजे सडलं असं नाही, उलट गोडी वाढते. हिरवं, कच्चं फळ खाऊ नका आणि लहान मुलांना देऊ नका. त्यात आणि पानांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात.

## टप्पा ८: छाटणी आणि नवी रोपं

फळं संपली की नवी फूट सुरू होण्याच्या आधी छाटा. लोंबणारे फुटवे दोन-तीन पेरं ठेवून आखूड करा, वाळलेलं आणि गुंतलेलं काढा. मुख्य खोड आणि तारेवरच्या दोन फांद्यांना हात लावू नका. पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलेली वेल पुष्कळदा पुन्हा फुटत नाही.

वेल काही वर्षंच चांगली फळते, मग थकते. दोनांपैकी एक गेली की हाताशी असलेल्या दुसरीचीच काडी लावायचा मोह होतो, फुकट आणि झटपट मिळते म्हणून. तसं केलंत तर मांडवावर दोन वेली दिसतील, पण परागांच्या हिशेबात पुन्हा एकटीच उरेल. गेलेल्या वेलीची काडी ती धडधाकट असतानाच काढून कुंडीत वाढवून ठेवा. ते जमलं नसेल तर नवं रोप बाहेरूनच आणा.